आधी वेचा, मग मांडा

पौष सरत आला की आमच्या इमारतीच्या कुंपणालगतचं बदामाचं झाड पानं टाकू लागतं. सुक्यामेव्यातला बदाम नव्हे; पसरट पानांचं हे झाड, ज्याची फळं मुलं दगडाने फोडून आतली काडीएवढी गिरी खातात. याची पानं पिकतात ती एकाच रंगात नाही. कुठलं पिवळं, कुठलं नारिंगी, कुठलं तांबडं, तर काही पार किरमिजी होऊन खाली येतात, आणि काही पानं अर्धी हिरवी अर्धी लाल अशीच गळतात. सकाळी झाडू फिरायच्या आत तिथे जा, चाळीसेक पानं वेचा आणि फिकटापासून गडदापर्यंत एका ओळीत मांडा. पाऊण तास लागेल, अवजार एकही लागणार नाही. निसर्गात पडलेल्या वस्तूंमधून, उघड्यावर, थोड्या वेळापुरतं काही घडवायचं म्हणजे काय, ते या एका ओळीतून कळतं.

मी स्वतः सुरुवात नेमकी उलट केली होती. कागदावर मोर काढला, आदल्या संध्याकाळी पानं गोळा करून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली आणि सकाळी अंगणात बसलो. पिशवीतली पानं घामेजून काळी पडली होती. बाहेर काढलेली ऊन लागताच वळली. मोराला निळा रंग हवा होता आणि तो त्या दिवसांत जमिनीवर कुठेच पडलेला नव्हता, म्हणून मी शेजाऱ्यांच्या वेलावरची गोकर्णाची फुलं तोडून आणली. मोर झाला, पण त्यात त्या सकाळचं, त्या जागेचं काही नव्हतं. तेव्हापासून एकच नियम पाळतो: आधी वेचायचं, मग ठरवायचं. काय पडलंय, किती पडलंय, ते कसं वळतं, कसं वाळतं हे पाहिल्यावर आकार आपोआप सुचतो.

रांगोळी काढणाऱ्या हाताला हे शिकायला वेळ लागत नाही. जमीन स्वच्छ करणं, मध्य धरणं, कड नीट राखणं, उद्या पुसलं जाणार हे ठाऊक असूनही ठिपका न चुकवणं, हे सगळं त्या हाताला येतंच. फरक एवढाच की रांगोळीत नक्षी मनात आधी असते आणि पांढरी पूड निमूटपणे तिच्यामागे जाते. इथे पान तुमच्यामागे येणार नाही, तुम्हाला पानामागे जावं लागेल.

जगभर गेल्या साठेक वर्षांत अनेक कलावंतांनी हे काम मन लावून केलंय. इंग्लंडच्या रिचर्ड लाँगने १९६७ साली, विद्यार्थी असताना, एका माळावरच्या गवतात एकाच रेषेत पुन्हा पुन्हा ये-जा केली. गवत दबून रेघ उमटली, तिचा त्याने फोटो काढला, बस. पुढे हाच लाँग आपल्या वारली चित्रांपर्यंत आला. २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्याचं आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं काम एकत्र मांडलं गेलं. मला ही जोडी फार योग्य वाटते. वारल्यांच्या लग्नघरी सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहायचा चौक हीही मुळात एका प्रसंगापुरतीच कला.

लाँगची रेघ तुम्हीही काढू शकता, आणि अगदी पहिला प्रयोग म्हणून तीच काढा. मार्गशीर्षात पहाटे दवाने पांढुरकं झालेलं मैदान किंवा गवताळ पडीक जागा शोधा. दूरचं एखादं झाड नजरेत धरा आणि पाय घासत सरळ त्याच्याकडे चालत जा, त्याच वाटेने परत या. दव झडलेली गडद हिरवी रेघ मागे राहते. ऊन वर आलं की ती दिसेनाशी होते. दुसरा सोपा प्रयोग स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या अँडी गोल्ड्सवर्दीचा. पाऊस सुरू होता होता तो जमिनीवर निजतो आणि भोवतालची जमीन भिजली की उठतो; मागे त्याच्या अंगाची कोरडी सावली उरते. आपल्याकडे यासाठी गच्ची किंवा फरसबंदी अंगण उत्तम. मात्र वळिवात हे करू नका, कारण वळीव विजा घेऊन येतो. आषाढात मध्येच उघडीप पडून जमीन सुकते, त्यानंतरची हलकी सर निवडा.

आता सामानाकडे वळू, कारण सगळी गंमत तिथे आहे. शहरात राहणाऱ्यांना वाटतं की आपल्याजवळ काही नाही. पण नुसती झाडांखालची जमीन पाहत महिनाभर फिरलात तर वही भरेल. श्रावण-भाद्रपदात पहाटे पारिजातकाचा सडा पडतो. ही फुलं इतकी नाजूक की पाकळीला बोट लागलं तरी डाग पडतो, म्हणून केशरी देठाला धरूनच उचलायची आणि तिथल्या तिथे मांडून टाकायची. पावसाळा संपता संपता बुचाची लांब दांड्याची पांढरी फुलं रस्त्याकडेला पडतात. दांडे आत, फुलं बाहेर अशी ठेवली की चक्र आपोआप होतं. दसऱ्यानंतर झेंडू आणि आपट्याची पानं यांचा घरोघरी ढीग असतो. कोमेजलेल्या माळा सोडवून पाकळ्या सुट्या करा. झेंडू दिवसभर रंग टिकवतो, नवशिक्याला याहून भरवशाचं फूल नाही. आपट्याचं पान जोडपान असल्यामुळे एकात एक गुंफता येतं. हिवाळा सरताना साग पानं टाकतो. त्यातली किड्याने खाऊन नुसत्या शिरांची जाळी उरलेली पानं वेगळी काढून ठेवा, त्यांची गोष्ट पुढे येईल. शिमग्याच्या सुमारास पळस, पांगारा, काटेसावर. काटेसावरीचं फूल जड आणि मांसल असतं, उन्हातही तग धरतं; शिवाय झाडाखाली अख्खंच्या अख्खं पडतं. मग चैत्र-वैशाखात बहाव्याच्या आणि सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्या. या वाऱ्याने उडतात, तेव्हा त्या ओल्या जमिनीवरच मांडा. गुलमोहराची पाकळी तासाभरात मलूल होते, तिच्यावर मोठं काम उभारू नका.

फुलांवरच अडकू नका, असंही सांगेन. सुरूच्या सुया, बाभळीच्या शेंगा, शिरीषाच्या वाजणाऱ्या चपट्या शेंगा, चिंचोके, रिठे, नारळाच्या झावळ्या, पोफळीच्या विऱ्या, वाळलेलं बांबूचं पान, निरनिराळ्या रंगांची माती हे सगळं फुलांपेक्षा टिकतं आणि हाताळायला सोपं जातं. माझ्या अनुभवात सर्वात देखणी कामं एका रंगाची किंवा फार तर दोन रंगांची झाली आहेत. सात प्रकारची फुलं एकत्र आली की ते देवापुढचं तबक वाटतं.

वेचण्यासाठी प्लास्टिकची पिशवी नको. टोपली किंवा सूप घ्या, तळाशी ओलं गोणपाट घाला आणि वर दुसरं झाका. पानं एकाच दिशेने रचा. जमलं तर त्याच सकाळी वापरा. आणि तोडायचं काहीच नाही, हे मी आग्रहाने सांगतो. एकदा तोडायला लागलं की हात थांबत नाही, आणि मग समोर काय पडलंय हे पाहण्याची गरजच उरत नाही.

जमीन कशी निवडायची? रंग ज्यावर उठेल अशी. पांढऱ्या फुलांना शेणाने सारवलेलं अंगण किंवा ओली काळी माती. पिवळ्याला काळा कातळ. तांबड्या पानांना फिकट वाळू. गावाकडे शेणसड्याची जमीन मिळत असेल तर नशीबच. शेणाचा सडा धूळ बसवतो, जमीन एकसारखी गडद करतो आणि थोडी ओल धरून ठेवतो, त्यामुळे पाकळ्या जागच्या हलत नाहीत. शहरात फरशीवर हलकं पाणी शिंपडून तेच काम साधतं. जागा निवडताना आधी दहा मिनिटं तिथे नुसतं उभं राहा. वारा कुठून येतो, ऊन कधी कुठे पोचेल, माणसांची-गुरांची पायवाट कुठून जाते ते पाहा. पहाटेपासून साधारण नऊपर्यंत वारा पडलेला असतो. ती वेळ कामाची.

वर्तुळासाठी मध्ये एक काडी रोवा, तिला दोरी बांधा, दुसऱ्या टोकाला दुसरी काडी आणि फिरवा. मग मधूनच बाहेर जायचं. केरळात ओणमच्या आधी दहा दिवस अंगणात फुलांचं पूक्कळम् घालतात आणि ते दिवसागणिक मोठं करत नेतात. मधून बाहेर वाढण्याचा फायदा असा की सामान संपलं तरी आकार अपुरा दिसत नाही. सरळ ओळ किंवा नागमोडी वाट करणार असाल, तर आधी सगळी पानं रंगाप्रमाणे बाजूला लावून घ्या. दोन शेजारच्या पानांतला फरक जेमतेम कळेल इतका हळू रंग बदलत न्या. घाई इथेच नडते. एखादं पान चुकीचं बसलं की डोळा तिथेच अडतो, मग ते पान काढून योग्य पान मिळेपर्यंत थांबायचं. पानं खवल्यांसारखी एकावर एक चढवायची असतील तर वाऱ्याच्या दिशेला पाठ येऊ द्या. वारा फटीत शिरला नाही म्हणजे ती उडत नाहीत. शेवटी कड. आतली मांडणी थोडी विस्कळीत असली तरी चालते, पण बाहेरची कड सुरीने कापल्यासारखी असेल तर सगळं काम उठून दिसतं. कडेचा पालापाचोळा वीतभर झाडून काढा.

जोडकामाला डिंक, टाचण्या, दोरा यांची गरज पडत नाही. पत्रावळ लावणाऱ्या बायका काय करतात ते पाहिलंय ना? पळसाची पानं एकमेकांवर थोडी चढवायची आणि बारीक काडीने टाका घालायचा: वरून खाली, खालून वर. तोच टाका इथे. नारळाच्या झावळीतला हीर घ्या, चार बोटांचे तुकडे करा, टोक तिरकं छाटा. बाभळीचे पांढरे लांब काटे तर निसर्गाने दिलेल्या टाचण्याच. बांधायला केळीच्या सोपटाचे धागे. कोकणात वळेसर बांधतात तेच. वाळलेलं सोपट पाण्यात तासभर भिजवलं की हवा तेवढा बारीक धागा निघतो आणि ओढला तरी तुटत नाही.

हे तंत्र हाताला बसलं की सागाच्या त्या जाळीदार पानांकडे या. पाच-सहा पानं हिराने जोडून पडदा करा आणि सोपटाने दोन फांद्यांच्या मध्ये टांगा, पण असा की पाहणाऱ्याचं तोंड सूर्याकडे होईल. सकाळी आठच्या उन्हात त्या जाळीतून प्रकाश येतो तेव्हा एकेक शीर मोजता येते. पिंपळाच्या गळलेल्या पिवळ्या पानांचंही असंच; जमिनीवर ती साधी वाटतात, उजेडापुढे धरली की सोन्याची होतात.

गोल्ड्सवर्दीकडून घेण्याजोगी आणखी एक गोष्ट म्हणजे पानांनी दगड मढवणं. ओढ्याकाठच्या काळ्या दगडांतला एकच निवडा, तोही गुळगुळीत. पिवळी मऊ पानं पाण्यात बुडवून त्यावर चिकटवत जा; ओल्या पानाला ओला दगड धरून ठेवतो. कडक ऊन असेल तर वीस मिनिटांत सुकून सुटतील, म्हणून सावलीतला दगड घ्या किंवा भाताच्या पेजेचं बोट लावा. त्याच ओढ्याच्या डोहात पानांची साखळी सोडता येते: काट्यांनी एकापुढे एक जोडलेली पन्नास-साठ पानं, एक टोक काठावरच्या मुळाला बांधलेलं. पाणी तिला वळवतं आणि तुम्ही नुसतं पाहत बसता. हे कार्तिकानंतर, ओढा संथ झाल्यावरच करावं.

समुद्रकाठचा हिशेब निराळा, कारण तिथे वेळ तुमच्या हातात नसते. कोकणातल्या माणसांचा जुना आडाखा पाठ करून टाका: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. तिथून सहा तासांनी, सकाळी नऊला, पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं. म्हणजे सकाळी काम करायचं तर तृतीया ते षष्ठी हे दिवस सोयीचे. त्यातही पुनवेनंतरच्या किंवा अवसेनंतरच्या तृतीया-चतुर्थीला उधाणाचा जोर ओसरलेला नसतो, त्यामुळे ओहोटीला वाळू लांबवर उघडी पडते. अष्टमीच्या भांगाला पाणी फारसं मागे हटत नाही. पाणी उतरत असतानाच कामाला लागा म्हणजे चारेक तास मिळतात.

वाळूवर दंताळं किंवा जुना खराटा हेच खरं साधन. वरची सुकत आलेली फिकट वाळू ओढली की खालची ओली, गडद वाळू उघडी पडते आणि दोन रंग मिळतात. कॅलिफोर्नियातला आंद्रेस अमादोर याच पद्धतीने दंताळ्याने अख्खा किनारा नक्षीने भरतो. रत्नागिरीकडच्या काही किनाऱ्यांवर इल्मेनाइटमुळे काळ्या वाळूचे पट्टे असतात, तिथे लाटांनीच अर्धी रंगरेषा आखून दिलेली असते. पण दंताळं टेकवण्याआधी खाली नीट बघा. ओहोटीला बारीक खेकडे वाळू तोंडाने चाळून तिच्या मोहरीएवढ्या गोळ्या बिळाभोवती किरणांसारख्या मांडत जातात. तो भाग सोडून द्यायचा. रिकामे शंख उचलताना आत शंखखेकडा नाही ना हे पाहा, आणि पाहून झाल्यावरही शंख घरी नेऊ नका. शंखखेकड्यांना घर म्हणून ते लागतात. वेळास, आंजर्ले यांसारख्या गावांच्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात, त्या हंगामात तिथे खड्डे आणि वाळूच्या भिंती करायच्याच नाहीत. इवल्या पिल्लांना पावलाएवढा खड्डाही ओलांडता येत नाही.

दगडांबद्दल माझं मत कडक आहे. एकावर एक दगड रचून मनोरे करण्याची हौस हल्ली प्रत्येक धबधब्याजवळ दिसते. ओढ्यातल्या दगडाखाली किड्यांच्या अळ्या, माशांची अंडी, छोटे खेकडे राहतात. दगड उचलला की त्यांचं छप्पर गेलं. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, सुट्या चिऱ्यांखाली पाली, विंचू आणि फुरसं असतं. फुरसं लहान असलं तरी जहाल विषारी. म्हणून सड्यावरचा दगड जागचा हलवू नये, हेच उत्तम. दगड हवेतच तर शेताच्या बांधावरचे किंवा खडीच्या ढिगातले घ्या. उचलताना पलीकडची कड आधी वर करून दगड आपल्याकडे कलता करा, म्हणजे आतून काही निघालं तर तुमच्या आणि त्याच्या मध्ये दगड राहतो. आणि सड्यावर काही कोरणं, खरवडणं, शेकोटी पेटवणं पूर्ण वर्ज्य. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत, कशेळीचा हत्ती तर अठरा मीटर लांबीचा आहे. कितीतरी चित्रं अजून माती-गवताखाली असू शकतात. त्यांच्यावर आपली रेघ उमटू नये.

तसंच अभयारण्यात, कासच्या पठारावर आणि देवराईत काही वेचूही नका. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही, हा गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला नेम आहे. बाहेरच्या माणसाने तो मोडू नये.

मुलांना बरोबर नेणार असाल (आणि न्याच) तर आधी स्वतः जागा फिरून या. हिवाळ्यात खाजकुइलीच्या लवदार तपकिरी शेंगा वेलावर लटकतात; त्यांची लव अंगाला लागली की जीव नकोसा होतो. रुईचा चीक डोळ्यात जाता कामा नये. बिब्ब्याने कातडी भाजते, कण्हेर सगळीच विषारी, गाजरगवताने अनेकांच्या अंगावर पुरळ उठतं. आंब्या-फणसाची पानं जोडून केलेला गोळा दिसला तर तो उंबिलांचा, म्हणजे चावऱ्या मुंग्यांचा, त्याला हात लावू नये. एवढं दाखवून झालं की मग मुलांना मोकळं सोडा. त्यांना नक्षी काढून देऊ नका. फक्त एक अट घाला: एकच रंग शोधा, किंवा नुसत्या लांबट वस्तू आणा, किंवा एका झाडाखालचंच घ्या. अट जितकी छोटी, तितकं त्यांचं डोकं चालतं. पाच-सहा वर्षांच्या मुलांनी फक्त ‘वाकड्या काड्या’ वेचून वडाच्या मुळापासून फाटकापर्यंत नदी केलेली मी पाहिली आहे. मोठ्यांना ते सुचलं नसतं.

फोटो काढायचा असेल तर काम संपल्यावर लगेच, ऊन तिरकं असताना. एक वरून, एक जमिनीलगत, आणि एक भोवतालच्या जागेसह. दुपारी आणि दुसऱ्या दिवशीही त्याच जागी उभं राहून एकेक काढा. कुठलं पान कधी वळलं, मुंग्यांनी काय नेलं, हे पुढच्या कामाला उपयोगी पडतं. वहीत तिथी, झाड आणि किती वेळ टिकलं एवढ्या तीन नोंदी करा. दोन वर्षांत तुमच्या गल्लीचं पानगळीचं पंचांग तयार होईल.

निघण्याआधी एक काम उरतं. पानं, फुलं, शेंगा जिथल्या तिथे राहू देत, त्यांचं काय करायचं ते माती जाणते. वाळूतले खड्डे बुजवा, टांगलेली सोपटाची दोरी सोडवा, एखादा पक्षी तीत अडकू शकतो. आणि बाभळीचे काटे वापरले असतील तर लावतानाच मोजून ठेवा: चाळीस लावले तर चाळीस परत हातात यायला हवेत. त्या वाटेने कुणीतरी अनवाणी येणार असतं.